दहापट रक्कम आणि दहाव्याला आलेला फोन

गेली कित्येक वर्षं फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सलग तीन वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न भरणारा माणूस अपघातात गेला, तर सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम सरकार कुटुंबाला द्यायला बांधील आहे. सरासरी 5 लाख असेल तर 50 लाख. आधार म्हणून मोटार वाहन कायदा 1988, कलम 166. लोकांना माहीत नसतं म्हणून पैसे सरकारकडेच पडून राहतात, तेव्हा पुढे पाठवा.

यातलं कलम तेवढं खरं. पण 'सरकार देईल' असं त्यात कुठेच नाही. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज कसा करायचा, ते या कलमात आहे. पैसे देतो दोषी गाडीचा मालक, आणि बहुतेक वेळा त्याच्या वतीने विमा कंपनी.

हा फरक कीस पाडण्यासारखा वाटेल, पण खरी मेख इथेच आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी दहाव्याच्या संध्याकाळी मुलाला फोन आला. "परिवहन खात्यातून बोलतोय. वडिलांची दहापट रक्कम मंजूर झालीय. प्रोसेसिंगचे 18,500 आजच भरा, उद्या फाइल बंद होईल." वडिलांचं नाव, अपघाताची तारीख, गाडीचा नंबर, सगळं बिनचूक. यात जादू काही नाही. अपघाताची बातमी, चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणि नातेवाइकांचे स्टेटस मिळून एवढं सहज जमतं. मुलगा इंजिनिअर आहे, भोळा नाही. पण 'दहापट' शब्द त्याने आधी वाचला होता, आणि तोच समोरच्याचं ओळखपत्र ठरला. पैसे गेले. दुसऱ्या दिवशी "जीएसटी राहिलाय" म्हणून पुन्हा फोन आला, तेव्हा त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली.

आता दहाचा आकडा. तो कुठून आला देव जाणे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले: 26 ते 30 वयाला 17, 41 ते 45 ला 14, 56 ते 60 ला 9. त्याआधी उत्पन्नातून मृताचा स्वतःचा खर्च वजा होतो. विवाहित माणसामागे दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश. वर्षाला 5 लाख कमावणारा 28 वर्षांचा असा माणूस गेला, तर हा हिशोब 56 लाखांच्या वर जातो, आणि भविष्यातली वाढ 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे वेगळी धरतात. म्हणजे मेसेजवर विसंबून काही घरं कमीच मागतील.

रिटर्न हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा, पण ती अट नव्हे. गवंड्याच्या, शेतमजुराच्या घरचेही दावा करू शकतात. गृहिणीच्या कामाचंही मोल धरलं जातं.

'पडून राहतात' हे तर साफ खोटं. दावाच केला नाही तर पडून राहायला रक्कम असतेच कुठे? उलट जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाही: 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. कुणीतरी फोन करेल म्हणून वाट बघणाऱ्याचे हेच महिने जातात.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी 2 लाख मिळतात. तिथेही अर्ज आपणच करायचा, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात.

त्या मुलाने आता वकिलामार्फत दावा दाखल केलाय. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि वडिलांची रिटर्न्स जोडली आहेत. वडिलांचं वय 53 होतं, म्हणजे गुणक 11.