अखर्चित रक्कम म्हणजे बचत नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आधीच्या लेखातलं, पालिकेच्या अंदाजपत्रकाचं उदाहरण असं होतं : विजेची तरतूद 1 कोटी 20 लाख, बचतीचं उद्दिष्ट 10 टक्के, डिसेंबरअखेर खर्च 70 लाख. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेले. त्यावर तुम्ही लिहिलंत, "नऊ महिन्यांत 58 टक्केच खर्च झाला, तरी तुम्ही बचत झाली नाही म्हणता. पालिकेने काही चांगलं केलं तरी नावं ठेवायचीच का? आणि शेवटी ऑडिट होतंच, मग सामान्य माणसाने दर महिन्याला आकडे कशाला चाळायचे?"

आधी ते 70 लाख बघू. विजेचं बिल पुढच्या महिन्यात येतं. मार्चचं बिल एप्रिलमध्ये भरलं, असं करत सप्टेंबरपर्यंतची सात बिलं भरली गेली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची टेबलावर आहेत, डिसेंबरचं यायचंय. महिन्याला सरासरी 10 लाख धरले तर वापर पूर्वीइतकाच, एका युनिटचीही बचत नाही. वाण्याची उधारी मोजायची नाही आणि महिन्याचा खर्च कमी झाला म्हणायचं, तसला हा हिशेब. त्यात मुदतीत न भरलेल्या बिलावर महावितरण 1.25 टक्के विलंब आकार लावतं, पुढे व्याज वेगळं. म्हणून खर्चाच्या रकान्याशेजारी प्रलंबित देयकांची यादी ठेवल्याशिवाय टक्केवारी काढूच नये. हे वीजबिलापुरतं नाही. ठेकेदारांची देयकं, टँकर, जंतुनाशकं, सगळीकडे दायित्व, म्हणजे द्यायची रक्कम, असंच मागे राहतं आणि मार्चमध्ये एकदम अंगावर येतं.

दुसरा घोळ दर महिन्याला तरतुदीचा बारावा हिस्सा खर्च होईल असं धरण्याचा. नऊ महिन्यांत 75 टक्के, ही पट्टी पगाराला चालते, पाणीपुरवठ्याला चालत नाही. साताऱ्यात तर मुळीच नाही. कास तलावाचं पाणी उताराने येतं. शहापूर पाणीयोजनेत उरमोडी धरणाचं पाणी पंपाने उचलावं लागतं. उन्हाळ्यात कासची पातळी खाली गेली की भार शहापूरवर येतो. म्हणजे पाऊस चांगला झाला, कासमधून जास्त पाणी मिळालं, तर कुणी काही न करताही वीजबिल उतरतं. त्याचं श्रेय पावसाला द्या. उलट 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग आल्यावर एकूण बिल वाढलं, तर तेवढ्यावरून उधळपट्टी झाली असंही म्हणता येत नाही. हे पालिकेच्या बाजूचं, आणि तेही तितकंच खरं.

म्हणून रुपये बाजूला ठेवून एकच भागाकार करायचा : पंपिंग स्टेशनचे महिन्याचे युनिट भागिले त्याच महिन्यात उचललेलं पाणी, हजार लिटरमध्ये. युनिट बिलावर मिळतात, पाणी लॉगबुकातल्या फ्लोमीटर रीडिंगवरून. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. हा आकडा उतरला तर बचत. चढला, तर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलाय, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतोय किंवा पॉवर फॅक्टर सावरणारी कपॅसिटर बँक बंद पडलीय, असं काहीतरी आहे. शेवटचं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित. 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना बिल केव्हीएएचवर, म्हणजे जोडणीतून उचललेल्या एकूण विजेवर येतं; प्रत्यक्ष कामी आलेली वीज म्हणजे केडब्ल्यूएच, आणि दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर 0.98 असेल तर 100 केडब्ल्यूएचचे 102 केव्हीएएच होतात; 0.85 वर घसरला तर जवळपास 118. पाणी तेवढंच, पंप तोच, बिल 15 टक्क्यांनी जास्त. भागाकाराला केव्हीएएच घेतले की हा दोष आपोआप पकडला जातो. केडब्ल्यूएच घेतले तर लपतो.

पथदिव्यांत उलटी गंमत. बंद पडलेला दिवाही वीज वाचवतो! तिथे युनिटसोबत तक्रार नोंदवही बघावी लागते.

काही शीर्षांत (खर्चाच्या सदरांत) तर रक्कम शिल्लक राहणं हेच अपयश. दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी खर्च झाला नाही, तर त्याला काटकसर म्हणणं डोळ्यांवर कातडं ओढून घेणं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला. तो बँकेत पडून असेल तर काम अडलंय एवढाच अर्थ. बचतीचा तक्ता फक्त स्वनिधीचा, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा करा, अनुदानं त्यात मिसळू नका.

आता ऑडिट. स्थानिक निधी लेखापरीक्षा वर्ष संपल्यावर होते आणि मुख्यतः खर्च नियमाप्रमाणे झाला का, प्रमाणकं (व्हाउचर) आहेत का, हे बघते. जूनमध्ये बिघडलेला कपॅसिटर तिच्यामुळे जुलैत सापडत नाही. शिवाय तोवर अंदाजपत्रक सुधारित झालेलं असतं. मूळ तरतूद 1 कोटी 20 लाखांवरून पुनर्विनियोजनात (एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवताना) 1 कोटी 5 लाखांवर आणली की तेच 70 लाख 58 ऐवजी 67 टक्के दिसतात. मूळ आणि सुधारित, दोन्ही रकाने शेजारी ठेवा. काढलेले 15 लाख कुठल्या शीर्षाला गेले तेही बघा. वर्षअखेरीस बहुधा तिथेच खरी बातमी असते.

हे कागद मिळवायचे तर माहिती अधिकारात "बचत किती झाली" असं विचारू नका. जनमाहिती अधिकाऱ्याकडे असलेला कागद द्यायचा असतो, गणित करून देणं त्याचं काम नाही. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. लेखा विभागाकडे शीर्षनिहाय मासिक खर्चाचा गोषवारा आणि प्रलंबित देयकांची यादी. पाणीपुरवठ्याकडे शहापूरच्या वीजजोडणीची 24 महिन्यांची बिलं आणि लॉगबुक. प्रत्येकी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत 30 दिवस. लॉगबुकाचं आधी अवलोकन मागा, मग हवी तेवढीच पानं निवडा, पानाला 2 रुपये. आणि फ्लोमीटरचा रकाना नीट बघा. रोज एकच आकडा दिसत असेल तर मीटर बंद होतं आणि सरासरी भरलीय. तो महिना भागाकारातून सरळ वगळा.