पीसीओडीचा दोष आईच्या माथी मारणाऱ्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या महिला ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पीसीओडी (पाळी अनियमित होते आणि पुरुषी हार्मोन वाढतं असा, अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड) मुलीला आईच्या पोटातच होतो. आईने गरोदरपणी ताण घेतला, बाहेरचं खाल्लं किंवा गर्भ टिकण्यासाठी इंजेक्शनं घेतली, की बाळाला पुरुषी हार्मोन मिळतं आणि मुलीचा मेंदू ‘पुरुषी’ घडतो. हे म्हणे फ्रान्समध्ये सिद्ध झालंय. अशा मुलींची अनामिका तर्जनीपेक्षा लांब असते, त्यांना ऑटिझम असलेलं मूल होतं. मेंदूच तसा घडल्यामुळे औषधांचा उपयोग नाही. लवकर लग्न करून द्या, बाळ झालं की सगळं बरं होतं.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा मेसेज वाचून एका विद्यार्थिनीच्या आईने मला विचारलं, “मॅडम, हिच्या वेळी मी इंजेक्शनं घेतली होती. माझ्यामुळेच झालं का हो हे?” त्या बाईंची झोप उडाली होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फ्रान्सचं पाहू, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. संशोधन खरं आहे. लील शहरातल्या पाओलो जियाकोबिनी यांच्या गटाने ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी गाभण उंदरिणींना दिवस भरत आले असताना अंडाशयात बनणारं एएमएच हे हार्मोन टोचलं. (पीसीओडीच्या तपासणीत रक्तातलं एएमएच मोजतात, तेच हे.) त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्यांमध्ये पुढे पीसीओडीसारखी लक्षणं दिसली: ऋतुचक्र अनियमित, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त, पिल्लं कमी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये काही मोजक्या पेशी ठरावीक अंतराने जीएनआरएच हे हार्मोन सोडतात. या माद्यांमध्ये त्या पेशी जास्त वेगाने काम करत होत्या. जीएनआरएचचे ठोके वाढले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन जास्त सोडते, आणि एलएच वाढलं की अंडाशय टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतं. न्यूझीलंडमध्ये रेबेका कॅम्पबेल यांच्या गटालाही उंदरांमध्ये याच पेशींपर्यंत येणाऱ्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे बदल मेंदूत आहे, पण पीसीओडीशी जोडलेला बदल पाळीचं घड्याळ चालवणाऱ्या पेशींच्या जाळ्यातला. मुलीचा स्वभाव, बुद्धी, बाईपण त्यावरून ठरतं, असं उंदरांवरच्या प्रयोगातून म्हणता येत नाही. आपल्या मुलींना ‘पुरुषी मेंदू’ चिकटवणं हे मेसेज लिहिणाऱ्याच्या पदरचं आहे.

याच शोधनिबंधाचा दुसरा अर्धा भाग मेसेजमधून गायब आहे. त्या माद्या मोठ्या झाल्यावर शास्त्रज्ञांनी त्यांना सेट्रोरेलिक्स दिलं. हे जीएनआरएचचा परिणाम रोखणारं औषध आहे आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ते आधीपासून वापरात आहे. त्याने त्यांचं एलएच आणि टेस्टोस्टेरॉन खाली आलं, ऋतुचक्र पुन्हा सुरू झालं. ‘पोटातच ठरलं, आता इलाज नाही’ असं सांगायला जे संशोधन पुढे केलं जातंय, त्यातच पोटात झालेला बदल मोठेपणी औषधाने मागे फिरलेला आहे! उंदरात झालं म्हणून उद्या हेच औषध आपल्या मुलींना लागू पडेल, असं मात्र कुणी समजू नये.

आता आईच्या दोषाचं. हा भाग मला सर्वात क्रूर वाटतो. आईच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जसंच्या तसं बाळापर्यंत जात नाही. वारेत (बाळाला पोषण पुरवणाऱ्या प्लॅसेंटामध्ये) ॲरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते त्याचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करून टाकतं. प्रयोगातल्या उंदरिणींना हार्मोन मुद्दाम टोचलं होतं; ऑफिसचा ताण किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर खाल्लेली भेळ यांची त्याच्याशी बरोबरी होऊ शकत नाही. माणसांत नाळेच्या रक्तातली हार्मोन मोजून झाली आहेत, पण त्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

इंजेक्शनांबद्दल त्या आईला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. गर्भ टिकण्यासाठी आज सहसा प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन देतात. ती पुरुषी हार्मोनचं काम करत नाहीत, आणि प्रोजेस्टेरॉन तर गरोदरपणात वार स्वतःच भरपूर बनवते. १९५०-६० च्या दशकांत वापरलेल्या काही कृत्रिम औषधांनी मुलींच्या बाह्य जननेंद्रियांवर परिणाम झाले होते, पण ते जन्मतःच दिसत. ती औषधं वेगळी होती.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात तो सुमारे ७० टक्के निघाला. पीसीओडी असलेल्या आईच्या मुलीला तो होण्याची शक्यता स्वीडनच्या नोंदींमध्ये पाचपट दिसली. पण जनुकं वडिलांकडूनही येतात, आणि जनुकं कुणी निवडून देत नाही.

बोटांचं लवकर आटोपते. बोटांच्या लांबीवरून कोणताही डॉक्टर पीसीओडीचं निदान करत नाही. ऑटिझमचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या २०१८ च्या अभ्यासात पीसीओडी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये प्रमाण २.३ टक्के होतं, इतर आयांच्या मुलांमध्ये १.७ टक्के. म्हणजे शंभरातल्या सुमारे ९८ मुलांना ऑटिझम नव्हता.

राहिला लग्नाचा सल्ला. बाळंतपणाने पीसीओडी जात नाही. उपचार मात्र आहेत, आणि ते टाळण्यात धोका आहे. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेहाचा धोकाही वाढतो, बारीक मुलींनाही. पाळी नियमित करायला गोळ्या आहेत, पुढे मूल हवं असेल तेव्हा स्त्रीबीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल आहे. सतरा वर्षांच्या मुलीला यासाठी बोहल्यावर चढवायची काहीही गरज नाही.

उलट चूकही होते. पंधरा-सोळाच्या मुलीच्या नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारला जातो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात अंडाशय तसंही दिसू शकतं. या मुलींमध्ये अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, दोन्ही असाव्या लागतात. हनुवटीवर राठ केस, खूप पुरळ, पाळी तीन-तीन महिने न येणं असं काही असेल तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जा. जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या. डॉक्टर आधी त्याच विचारतात. आणि साखरेची तपासणी करायची का, हे तुम्ही आठवणीने विचारा.