412 चे 367 आम्ही केले नाहीत, सर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमच्या ब्रॅकेटच्या स्ट्रेसची (धातूत येणाऱ्या ताणाची) रिझल्ट फाइल आम्ही अबॅकस या अ‍ॅनालिसिस सॉफ्टवेअरमधून पॅराव्ह्यू या रिझल्ट बघायच्या सॉफ्टवेअरसाठी कन्व्हर्ट करून दिली, ती ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा गेली आणि शनिवारी तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत, हे दोन्ही खरं आहे. माफी मागतो. पण ‘कन्व्हर्ट करताना यांनी स्ट्रेस 412 चा 367 केला, आकड्यांशी खेळ केला’ हे वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. भोसरीत एका गाळ्याच्या माळ्यावर बसून काम करणारी आम्ही तीन माणसं. हे वाचल्यावर उद्या कोण आमच्या हातात रिझल्ट फाइल देईल?

म्हणून जरा सविस्तर सांगतो, रागावू नका. तुमच्या ब्रॅकेटचा मेश, म्हणजे हिशेबासाठी केलेले त्याचे छोटे तुकडे, दहा नोडच्या टेट्रा एलिमेंटचा होता. एलिमेंट म्हणजे चार पृष्ठांचा एक तुकडा, नोड म्हणजे त्याच्या कोपऱ्यांवरचे आणि कडांच्या मध्यावरचे बिंदू. सॉल्व्हर, म्हणजे हिशेब करणारा प्रोग्राम, स्ट्रेस काढतो तो नोडवर नाही, एलिमेंटच्या पोटातल्या चार इंटिग्रेशन पॉइंटवर (हिशेबाच्या ठरावीक बिंदूंवर). तिथून तो नोडपर्यंत नेला जातो, शेजारच्या एलिमेंटांबरोबर त्याची सरासरी होते आणि मग अबॅकसच्या व्ह्यूअरमध्ये तुम्हाला 412 मेगापास्कल दिसतात. सरासरीची तीच 75 टक्क्यांची मूळ सेटिंग धरून आम्ही नोडचे आकडे व्हीटीयू फाइलमध्ये (पॅराव्ह्यू उघडतो ती) लिहिले. शिवाय एलिमेंटच्या चार पॉइंटांची सरासरी वेगळी लिहिली. फिलेटपाशी, म्हणजे कोपऱ्याच्या गोलाईपाशी, स्ट्रेस पृष्ठभागाकडे झपाट्याने चढतो, त्यामुळे अख्ख्या एलिमेंटची सरासरी कमीच भरणार. तुमचे 367 ते हे. दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये आहेत, कुठलाही गायब केलेला नाही.

तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला फोटोच बघा ना. प्रत्येक त्रिकोण सपाट एका रंगाचा, गोधडीच्या ठिगळांसारखा. नोडचा डेटा पॅराव्ह्यूमध्ये असा दिसत नाही, तिथे एक रंग दुसऱ्यात मिसळत जातो. रंगाच्या यादीत नावाशेजारी ठिपका असेल तर नोड, ठोकळा असेल तर एलिमेंट. दोन्हींना आम्ही नाव एकच दिलं होतं, ही आमची चूक, ती सुधारतो. पण सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये तिसऱ्याच ओळीत हे लिहिलेलं होतं, सर. रिव्ह्यू लिहायच्या आधी एक व्हॉट्सअ‍ॅप केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. फोन उचलला नाही म्हणता, पण त्या दोन मिस्ड कॉलनंतर मी संध्याकाळी तीनदा लावला, तोही तुम्ही घेतला नाहीत. असो.

उशीर का झाला तेही याच आकड्यांपायी. तुमच्या ब्रॅकेटचा बीड (ओतीव लोखंड) आणि आतला स्टीलचा बुश यांचे नोड सामाईक होते. व्हीटीयूमध्ये एका नोडला एकच आकडा ठेवता येतो. तसंच कन्व्हर्ट केलं असतं तर बीड आणि स्टील यांच्या स्ट्रेसची खिचडी झाली असती, आणि चित्र मात्र छान गुळगुळीत दिसलं असतं. आम्ही त्या सांध्यावरचे नोड दुप्पट करून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या. त्यात दिवस गेले. हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, कळवलं नाही.

‘बटण दाबायचे साडेसहा हजार’ असंही लिहिलंत. ओडीबी, म्हणजे अबॅकसची रिझल्ट फाइल, बनवणाऱ्या कंपनीच्या लायब्ररीशिवाय ती नीट वाचता येत नाही, त्या लायसन्सचे पैसे आम्ही दरवर्षी भरतो. कॅल्क्युलिक्स या फुकट सॉल्व्हरची फाइल घेऊन कुणी आलं तर मी स्वतः सांगतो, त्याला फुकटचं साधन आहे, आमच्याकडे येऊ नका. आणि बटणाचं म्हणाल तर अबॅकस स्ट्रेसचे सहा घटक देताना 12 नंतर 13 आणि मग 23 देतो (1, 2, 3 म्हणजे एक्स, वाय, झेड), पॅराव्ह्यू मात्र एक्सवाय नंतर आधी वायझेड आणि मग एक्सझेड धरतो. शेवटचे दोन अदलाबदल केले नाहीत तरी व्हॉन मायसेस (सहाही घटकांचा मिळून एक आकडा) बरोबरच येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. चुकतो तो प्रिन्सिपल स्ट्रेस, म्हणजे मुख्य दिशांमधला ताण. तुमच्या फाइलमध्ये तो बरोबर आहे, ताडून बघा. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या अ‍ॅनालिसिस विभागात नोकरी करून मग हे स्वतःचं सुरू केलंय, आकडा बदलून मला काय मिळणार?

दोन्हींची नावं वेगळी करून फाइल आज दुपारी पुन्हा पाठवली आहे, अर्थात पैसे न घेता. यापुढे सोबत एखादा छोटा व्हिडिओ द्यायचा विचार चालू आहे, शनिवारच्या फोनचंही काहीतरी बघतो. उशिराबद्दलचे स्टार कापलेत ते तसेच राहू द्या. नवी फाइल उघडा, ठिपक्याचं नाव निवडा, आणि फिलेटवर 412 दिसले तर ‘आकड्यांशी खेळ’ एवढे शब्द तेवढे काढून टाका.