‘ग्रेस्टोन’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘इतिहासप्रेमी’ यांस,

‘ग्रेस्टोन अंटरमायरने बांधलंच नाही, लिलावात घेतलं. एवढंही न तपासता वकिलाचा हरवलेला वाडा म्हणून मोकळे झालात. निव्वळ कॉपी-पेस्ट.’ ही न्यूयॉर्कजवळचा ग्रेस्टोन वाडा, त्याची बाग आणि तिथला मालक वकील अंटरमायर यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया. शिवाय, बाग सांभाळायला त्याने पुरेसा पैसा मागे ठेवला असता तर वाडाही वाचला असता, अशी एक पुस्ती. चुका दाखवा, जरूर दाखवा. पण समोरासमोर बसलो असतो तर याच सुरात बोलला असतात? टोपणनावाआड बसलं की जीभ फारच सैल सुटते.

अंटरमायरने वाडा ‘बांधला’ असं मी लिहिलेलंच नाही. लेख पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचला असेल तर. हडसन नदीकाठी योंकर्स शहरात तो वाडा १८६०च्या दशकात टोप्यांचा कारखानदार जॉन वेअरिंग याने उभारला. त्याला मी एक ओळही दिली नाही, द्यायला हवी होती, मान्य. पण १८७९मध्ये त्याच्याकडून तो कुणी घेतला? सॅम्युएल टिल्डनने. तोही वकीलच! रेल्वे कंपन्यांच्या कामांवर गडगंज झालेला, न्यूयॉर्कचा गव्हर्नर, १८७६ला देशभरात जास्त मतं मिळवूनही १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचक मताने राष्ट्राध्यक्षपद हुकलेला. १८८६मध्ये तो वारला, तो ग्रेस्टोनमध्येच. म्हणजे तुम्ही एक वकील खोडायला निघालात आणि हाती दोन लागले.

अंटरमायर आला १८९९मध्ये. १९१२मध्ये बड्या बँकर्सच्या हाती एकवटलेल्या पैशाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या पुजो समितीपुढे बँकर जे. पी. मॉर्गनला प्रश्न विचारणारा तोच. १९१६पासून त्याने वास्तुकार बॉसवर्थकडून तिथे तटबंदीतली पर्शियन धर्तीची बाग आणि नदीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या पायऱ्या करून घेतल्या. आज लोक जातात ते हे बघायला, आणि बागेला नाव आहे अंटरमायरचं. वेअरिंगच्या टोप्या बघायला कुणी जात नाही.

माझे वडील आयुष्यभर एका वकिलांकडे कारकून होते. घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी मी खरेदीखतं आणि बक्षीसपत्रं वाचली आहेत. बांधणारा कोण, विकत घेणारा कोण आणि वास्तू कुणाच्या नावाने ओळखली जाते, हे मला शिकवायच्या भानगडीत तुम्ही पडू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. १९४०मध्ये अंटरमायर गेला, १९४६मध्ये बागेचा भाग शहराकडे आला, १९४८मध्ये वाडा पाडला. हे सगळं लेखात आहे. त्यापुढचं तुमचं जर-तर तुमच्यापाशी ठेवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, कारण इथे विरोधी मत काढायची पद्धत नाही. ‘कॉपी-पेस्ट’चं मात्र सांगतो: मी कुठून काय उचललं ते दाखवा. दाखवता येत नसेल, तर तो शब्द असलेली तुमची पुढची प्रतिक्रिया छापली जाणार नाही.