काये त्रेसे: बोलणारा एक, वाजवणारा दुसरा

'देस्पासितो'मुळे पोर्तो रिको आपल्याकडच्या पोराटोरांना कळलं, पण त्याच बेटावरच्या 'काये त्रेसे' या रॅप बँडचं नाव काढलं की समोरचा नुसता बघत राहतो. ज्यांना माहीत आहे ते रॅपर रेनेच्या जिभेवरच बोलत बसतात. मला हे पटत नाही. या बँडचं राजकारण अख्ख्या खंडात पोचलं ते त्याचा जोडीदार एदुआर्दोच्या संगीतामुळे.

रेने पेरेझ आणि एदुआर्दो काब्रा हे सावत्र भाऊ. आईवडील वेगळे झाल्यावर एदुआर्दो भेटायला यायचा, तेव्हा कॉलनीच्या गेटवर वॉचमन विचारायचा, इथलेच की पाहुणे? तीच टोपणनावं झाली: रेसिदेन्ते आणि विसितान्ते. तिथली गल्ली क्रमांक १३, म्हणजे स्पॅनिशमध्ये काये त्रेसे, ते बँडचं नाव. (वॉचमनला रॉयल्टी मिळाली का, देव जाणे.)

सप्टेंबर २००५ मध्ये एफबीआयच्या कारवाईत, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोला स्वतंत्र करा म्हणणारे नेते फिलिबेर्तो ओहेदा रिओस मारले गेले आणि काही दिवसांतच काये त्रेसेचं संतापलेलं गाणं इंटरनेटवर फुकट फिरू लागलं. पण त्याच वर्षी तरुणाईला नाचवलं ते कुंबियाच्या ठेक्यावर क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गाण्यानं! कुंबिया मूळची कोलंबियाची. पुढे टँगो आला, मेक्सिकोचा रॉक बँड काफे ताकुबा आला, पनामाचे गायक रुबेन ब्लादेस आले. ज्या त्या देशाच्या पोरांना आपल्या आजीच्या घरचा ताल रॅपखाली ऐकू यायला लागला. नुसती शिवीगाळ असती तर शेजारच्या देशानं कशाला कान दिला असता?

शिवीगाळ होतीच म्हणा. २००९ मध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात रेनेनं पोर्तो रिकोच्या गव्हर्नरला जाहीर शिवी हासडली, अंगातल्या टी-शर्टवर कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांवर शेरा होता. पोर्तो रिकोतलं सान हुआन आणि कोलंबियातलं मानिसालेस, दोन्हीकडचे कार्यक्रम रद्द. मार्च २०१० मध्ये मात्र क्युबाच्या हवानात लाखोंची गर्दी.

आणि मग 'लातिनोअमेरिका' हे गाणं. रेनेच्या रॅपसोबत कोलंबियाची तोतो ला मोंपोसिना, पेरूची सुसाना बाका, ब्राझीलची मारिया रिता. २०११ मध्ये बँडनं एका रात्रीत ९ लॅटिन ग्रॅमी नेल्या, तेव्हा सुसानाबाई पेरूच्या सांस्कृतिक मंत्री होत्या. ते गाणं तिथल्या कुठल्याही तरुणाला आपल्याच गावचं वाटतं, कारण त्या तीन बायकांच्या आवाजात रेनेचं भाषण विरघळतं.

२०१५ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रेनेनं स्वतःची डीएनए चाचणी करून, त्यात निघालेल्या पूर्वजांच्या मुलखांत भटकून २०१७ चा अल्बम केला. कल्पना जबरदस्त, पण मला गाण्यांपेक्षा कल्पनाच जड वाटली. २०१९ च्या जुलैमध्ये गव्हर्नर रोसेयो यांच्याविरुद्ध लोक रस्त्यावर होते तेव्हा रेने, बहीण इलेआना आणि रॅपर बॅड बनी यांनी गाणं आणलं, रोसेयोंना पद सोडावंच लागलं. त्या वेळी ते हवंच होतं. आज पुन्हा लावावंसं वाटत नाही.

एदुआर्दो इतरांचे अल्बम घडवत राहिला. कोलंबियाच्या 'मस्यु पेरिने' या बँडचा २०१५ चा अल्बम त्यानंच घडवलेला. तो ऐका, मग कमेंटमध्ये या भांडायला.