गेलेलं माणूस परत आणताना

जवळचं माणूस गेलं की दहावं, तेरावं, भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि मग मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स घेऊन बँकेत खेटे. हा व्याप आपल्याकडे अजून चालतो. तुम्ही त्यात पडू नका. जादू जाणणारी एखादी मैत्रीण गाठा, ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ या अमेरिकी मालिकेचा सहावा सीझन लावा आणि वही-पेन घेऊन बसा. मेलेल्याला परत कसं आणावं, याचं इतकं पद्धतशीर शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही.

आधी मृत्यूचं कारण तपासून घ्या. परत आणण्याचा अर्ज ओसायरिसकडे करायचा. हा इजिप्तचा मृतांचा देव, पण कारभार अगदी विमा कंपनीचा. पाचव्या सीझनच्या शेवटी, मे २००१ मध्ये, मालिकेची नायिका बफी धाकट्या बहिणीला वाचवायला मनोऱ्यावरून दुसऱ्या मितीच्या उघड्या दारात उडी मारून मेली. मृत्यू अलौकिक, क्लेम मंजूर. वर्षभराने तिची जादू जाणणारी मैत्रीण विलो हिच्या डोळ्यांसमोर विलोच्या प्रेयसीला, टाराला, खिडकीतून आलेली बंदुकीची गोळी लागली. विलो टाराला मांडीवर घेऊन ओसायरिसला हाका मारत होती. उत्तर आलं, की माणसाच्या हातून झालेला साधा मृत्यू आहे, नियमात बसत नाही. बफीची आई जॉइस तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटून घरातल्या सोफ्यावर गेली. तिचा अर्ज खिडकीवरच परत आला असता. तेव्हा घरातल्यांना वेळीच बजावून ठेवा: जायचंच असेल तर काही अलौकिक निमित्त काढून जा, सोफ्यावर पडून नको.

आता, गेलेलं माणूस सध्या कुठे आहे? नरकात आहे असंच धरून चाला. चौकशी करू नका. बफीला विलो आणि बाकीच्या मित्रमंडळींनी स्वतःच्या हातांनी पुरलं होतं, वर दगड बसवला होता, म्हणजे तिचं शरीर कुठल्याही मितीत गेलं नव्हतं. तरी विलोची खात्री होती की बफीचा आत्मा तिकडे यातना भोगतोय. असं एकदा ठरलं की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात. नरकातल्या माणसाला ‘तुला यायचंय का’ असं कोण विचारतं? शिवाय आपल्याला करमत नाही म्हणून आणतोय, असंही मग कुणाला वाटत नाही. आपल्यालासुद्धा.

सांगायचं कुणाला, हाही मोठा नाजूक विषय. शक्यतो कुणालाच नाही. ज्या जाइल्सने बफीला घडवलं, त्याला विमानतळावर हात हलवून इंग्लंडला निरोप द्यायचा आणि तो गेल्यावर कामाला लागायचं. सख्ख्या बहिणीला कळू द्यायचं नाही. लहान आहे, उगाच आशा लावून बसेल. आणि स्पाइक या व्हँपायरला तर मुळीच नाही. तो तिच्यावर जीव टाकणारा. ती गेल्यापासूनचे दिवस मोजत बसलेला, १४७. आपल्याला का सांगितलं नाही, हे त्याला नंतर बरोबर कळलं. परत आलेली बफी धड नसेल तर तिला पुन्हा संपवावं लागेल, हे विलोला ठाऊक होतं, आणि स्पाइकने ते होऊ दिलं नसतं. पाहा, किती पुढचा विचार. प्रेम करणाऱ्या माणसाला या कामात घेऊ नये, ते फार आडवं येतं.

सामान फारसं लागत नाही. ओसायरिसचा कलश त्यांच्यातल्याच अन्याने ईबेवर घासाघीस करून मिळवला, कैरोच्या कुणा वाळवंटी बुटक्याकडून, आणि वर बॅकस्ट्रीट बॉइजचा डबा फुकट पदरात पाडून घेतला. (मला अख्ख्या सहाव्या सीझनमध्ये हा एकच व्यवहार सरळ वाटतो.) रक्तासाठी एक हरणाचं पाडस लागतं. ते एकटीनेच रानात जाऊन मारावं, आणि रक्त कुठून आणलं असं कुणी विचारलं तर विषय बदलावा. मंडळी भाबडी असतात, त्यांना मंत्र हवा असतो, पाडस नको असतं.

फावडं मात्र नेऊ नका. विलो आणि तिच्या साथीदारांनी, चौघांनीही, नेलं नव्हतं. रात्री थडग्याभोवती बसले, मंत्र म्हटले, मध्येच मोटारसायकलवाल्या राक्षसांची टोळी घुसली, कलश फुटला, आणि सगळे पळाले. मंत्र लागू पडला होता, हे नंतर लक्षात आलं. जिथे ठेवली होती तिथेच ती जागी झाली: शवपेटीत, सहा फूट मातीखाली. मग तिने बोटांनी लाकूड फोडलं, माती उकरली आणि एकटीच वर आली. महिनोन्‌महिने तयारी केली, पण पेटी उघडायची हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता परत आलेल्या माणसाशी कसं वागायचं. त्याने आभार मानले पाहिजेत. बफीने मानलेही, बिचारीने सगळ्यांना जमवून मानले. मग बाहेर येऊन एकट्या स्पाइकला सांगितलं, की ती नरकात नव्हतीच. जिथे होती तिथे ऊब होती, शांतता होती, आपलं सगळं करून झालंय असं वाटत होतं. बहुधा स्वर्ग. तिथून तिला ओढून आणलं होतं, आणि हे त्यांना कधीही कळू देऊ नकोस, अशी तिची विनवणी होती. परत आणलेल्या माणसावर ही एक जबाबदारी वाढते, आणणाऱ्यांचं मन सांभाळायची. दुसरी म्हणजे तळघरातला फुटलेला पाइप. आईच्या दवाखान्यात विम्याचे पैसे संपले होते, घरात राहणाऱ्या मैत्रिणींनी बिलांचा हिशेब तयार ठेवला होता. स्वर्गातून आलेली मुलगी बँकेत कर्ज मागायला गेली, बँकेने नाही म्हटलं, पुढे ती बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभी राहिली.

जादूची भानगड नको असेल तर ‘सुपरनॅचरल’ मालिकेतली चौरस्त्याची सोय आहे. चौरस्त्यावरच्या सैतानाकडे आत्मा गहाण ठेवायचा, दहा वर्षांनी नरकातले कुत्रे न्यायला येतात. डीनने २००७ मध्ये भाऊ सॅमसाठी तो व्यवहार एका वर्षावर केला. सॅमला विचारलं नव्हतंच. त्याने पुढचं वर्ष डीनला सोडवण्यात घालवलं. ‘पुशिंग डेझीज’चा नेड नुसत्या बोटाने मेलेल्याला उठवतो, मात्र मिनिटाच्या आत पुन्हा स्पर्श करून निजवलं नाही तर जवळपासचं दुसरं कुणी मरतं. लहानपणी त्याची आई उठली, आणि समोरच्या घरातल्या मुलीचे वडील अंगणात कोसळले. अशा वेळी समोरच्यांकडे बघू नये. आणि आपला कच आठवा. देवयानीने रडून-भेकून शुक्राचार्यांकडून त्याला तीन-तीनदा जिवंत करून घेतलं, आणि तो विद्या घेऊन लग्नाला नाही म्हणून निघून गेला.

शेवटी कसं करू नये याचंही एक उदाहरण देतो, ‘बफी’च्याच पाचव्या सीझनमधलं. आईला पुरल्यावर बफीच्या शाळकरी बहिणीने, डॉनने, तिला उठवायचं ठरवलं. टाराने स्पष्ट नाही म्हटलं होतं, पण विलोने कपाटातलं योग्य पुस्तक जरा पुढे सरकवून ठेवलं. राक्षसाचं अंडं आणलं, आईचा फोटो ठेवला, मंत्र म्हटला. काही बिघडलं तर फोटो फाडायचा, एवढंच विधी सांगणाऱ्याने बजावलं होतं. बफी तिच्यावर ओरडत होती, आणि त्या दिवसापर्यंत बफीला रडायला फुरसत झाली नव्हती. शवपेटी निवडायची होती, फोन करायचे होते. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दारावर टकटक झाली. बफी ओरडणं सोडून ‘आई’ म्हणत दाराकडे धावली. तिचा तो चेहरा बघून डॉनने फोटो फाडला. इतकं सगळं जुळत आलेलं असताना! बफीने दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं, आणि मग दोघी तिथेच एकमेकींना धरून रडत बसल्या.