बारावी दूरस्थ चालते, एलएलबी चालत नाही

‘बारावीनंतर वकील व्हायचे आहे? कायद्याने दिलेल्या सवलती जाणून घ्या’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. असे संदेश मी सहसा उघडतही नाही. परंतु हा माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि घरी बसून पदवी मिळणार असेल तर हातातली नोकरी सोडायला नको, या हिशेबाने तिने त्याखालच्या क्रमांकावर ‘नोंदणी शुल्क’ पाठवण्याची तयारीही केली, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही. संदेशातील दावे थोडक्यात असे: पाच वर्षांची एलएलबी दूरस्थ पद्धतीने करता येते, न्यायालयाने हजेरीची अट काढून टाकली आहे, सीईटी ही प्रवेश परीक्षा ऐच्छिक आहे, बारावीला ४५ टक्के मिळाले की प्रवेश हक्काचा, विज्ञान शाखेच्या मुलांना प्रवेश नाही, विशी ओलांडली की दार बंद, आणि शेवटी सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, लाखभर रुपये बाजूला ठेवावेत.

पहिला दावा सर्वांत घातक, कारण तो एका खऱ्या नियमाची मोडतोड करून बनवलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या संस्थेची २००८ ची विधी शिक्षण नियमावली सांगते की, बारावी दूरस्थ किंवा पत्राद्वारे शिक्षणाच्या पद्धतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थीसुद्धा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पात्र मानला जाईल. काम सांभाळून बारावी केलेल्या मुलांसाठी ही तरतूद मोलाची आहे. संदेशकर्त्याने मात्र प्रवेशाच्या पात्रतेपुरती असलेली ही सवलत उचलून थेट अभ्यासक्रमाला चिकटवली आहे. त्याच नियमावलीत, थोडी पाने पुढेमागे केली असती तर, नियमित अभ्यासक्रमाची व्याख्याही सापडली असती: मधली अर्ध्या तासाची सुट्टी सोडून दिवसाला किमान पाच तास आणि आठवड्याला किमान तीस तास वर्ग.

हे वर्गापुरतेच झाले. पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला एकूण किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, त्यात सत्र न्यायालयांसारख्या ठिकाणी खटले चालवणाऱ्या आणि अपिले लढवणाऱ्या वकिलांकडे किमान एकदा तरी जावे लागते, आणि कोणत्याही एका वर्षी ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी एखाद्या ओळखीच्या वकिलाचा शिक्का मारून वीस आठवडे एकदम उरकण्याची सोय नियमानेच ठेवलेली नाही. याशिवाय अभिरूप न्यायालयाचा (मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी लुटुपुटीचा खटला चालवणे) सक्तीचा विषय आहे. त्यात प्रत्यक्ष खटल्याचे कामकाज पाहून त्याची टिपणे लिहावी लागतात, आणि पक्षकार वकिलाला आपली हकिगत कशी सांगतो, हे समोर बसून ऐकून रोजनिशीत नोंदवावे लागते. हे सर्व भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून कसे साधायचे, याचा खुलासा संदेशात कुठेही नाही. आणि अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार सनद मिळवण्यासाठी लागणारी पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते. पाच वर्षे शुल्क भरून हाती आलेला कागद राज्याच्या बार कौन्सिलच्या खिडकीवर नाकारला गेला, तर तोवर ‘नोंदणी शुल्क’ घेणारा क्रमांक चालू असेलच असे नाही.

हजेरीच्या बाबतीत अर्धे सत्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. नियमावली प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मागते आणि अपवादात्मक कारणासाठी, सर्व विषयांची मिळून हजेरी ७० टक्के असेल तर, एखाद्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सूट देते. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ हजेरी कमी म्हणून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असा निकाल दिला, हेही खरे. परंतु तो निकाल मान्यताप्राप्त महाविद्यालयात रीतसर शिकणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आहे. ज्या ‘महाविद्यालया’ला वर्गच नाहीत, तेथील हजेरीचा प्रश्न त्या न्यायालयापुढे आलाच नव्हता.

सीईटीचे म्हणावे तर महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून व कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांतून होतात, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरील सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. काही खासगी व अभिमत विद्यापीठे स्वतःची परीक्षा घेतात. एवढ्यापुरतीच सीईटी ‘ऐच्छिक’. जाता जाता सांगण्यासारखे असे की, राज्याच्या सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तर क्लॅट इंग्रजीत होते आणि तेथे प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. मराठी माध्यमाच्या मुलांनी परीक्षा टाळण्यापेक्षा हा फरक लक्षात घेतलेला बरा.

४५ टक्के ही खुल्या प्रवर्गासाठी किमान पात्रता आहे (इतर मागास वर्गासाठी ४२, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०), आणि केवळ या गुणांमुळे प्रवेशाचा हक्क मिळत नाही, असे तीच नियमावली शब्दांत सांगते. शाखेचे बंधन कोठेही नाही; विज्ञानाच्या मुलांना कोणी आणि का अडवावे, हे मला तरी समजलेले नाही. वीस वर्षांची वयोमर्यादा नियमात होती खरी, परंतु २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली.

राहता राहिली सनद. कलम २४ नुसार नोंदणीचे शुल्क राज्य बार कौन्सिलचे ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५० असे ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, आणि मुद्रांक शुल्क वेगळे. याहून अधिक नोंदणी शुल्क बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. संदेशातील लाखभर रुपयांचा तपशील भाचीने त्या क्रमांकावर विचारला, तेव्हा ‘त्यात सगळे आले’ एवढेच उत्तर मिळाले. बार कौन्सिलच्या मान्यतेचे चालू वर्षाचे पत्र मागितल्यावर उत्तरही मिळेनासे झाले.